गाठ कुठे संपते?



प्लॅस्टिक सर्जनला व्याख्यानाला बोलावलं की सभागृहात एक अपेक्षा तयार होते. सुरकुत्या, टक्कल, नाकाचा शेंडा. त्यातलं टक्कल आज थोडंसं येईल, पण तुम्हाला हवं तसं नाही. मला बोलायचंय ते चेहऱ्यावरचा किंवा डोक्यावरचा कातडीचा कॅन्सर काढल्यावर मागे जो खड्डा राहतो, त्याबद्दल. तो कसा भरतात, कधी भरतात आणि कधी मुद्दाम भरत नाहीत.

सुरुवात पुण्यापासून करू. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात छाटला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळ एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवलं. (पत्रात कावसजीला मराठा म्हटलंय, नाव पारशी वाटतं. हा गुंता इतिहासकारांवर सोपवतो.) कारागीर जातीनं वीट भाजणारा होता.

त्यानं काय केलं, ते पत्रात बारकाईनं दिलंय. मेणाची पातळ चकती घेतली, नाकाच्या थोट्यावर ठेवून नाकासारखा आकार दिला. ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि कडेनं रेघ मारली. रेघेवरून कापत कपाळाची कातडी सोडवली, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. थोट्यावरचा जुना वण खरवडून कडा ताज्या केल्या, कपाळाची कातडी अर्धा वेढा देऊन खाली वळवली आणि त्या कडांत बसवली. वर काय लावलं? पाण्यात मऊ केलेला कात. तुम्ही विड्यात घालता तोच. काताच्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापून टाकली.

मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, असं पत्रात म्हटलंय आणि त्या दोघांची नावं दिलीयत. ज्यानं ती केली त्याची फक्त जात दिलीय. असो. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं हे वर्णन मनावर घेतलं, वीस वर्षांनी म्हणजे १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये पुस्तक काढलं, आणि ही पद्धत युरोपभर ‘भारतीय पद्धत’ म्हणून पसरली.

आता मला सांगा, आज कॅन्सरमुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला तर आम्ही कातडी कुठून आणतो? कपाळावरूनच. रंग तोच, जाडी जवळपास तीच, ऊन-पाऊस सोसलेली कातडी तीच. त्या अरुंद पट्टीतून भुवईच्या आतल्या टोकापासून वर चढणारी एक बारीक धमनी जाते, हे आज आम्हाला ठाऊक आहे. त्या रक्तावर कातडी जगते. नव्या जागेची रक्तवाट तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, मग आम्ही पट्टी कापतो. त्या कारागिराचा पंचविसावा दिवस आणि आमचे तीन आठवडे, फरक मोजा. त्यानं शरीरशास्त्र वाचलं नव्हतं, पण कुठे कापायचं नाही हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

मग दोनशे वर्षांत आम्ही केलं तरी काय?

पुष्कळ केलं. नाकाला आतून अस्तर लागतं, मधे कूर्चेचा आधार लागतो, हे शिकलो. नुसती कातडी वळवली तर काही महिन्यांत ती आक्रसते, नाकपुडी बंद होते. भूल आली, जंतूंची ओळख झाली. पण माझ्या मते खरा फरक वेगळाच आहे. कावसजीचं नाक कुठे संपलं होतं, हे त्या कारागिराला समोर दिसत होतं. तलवारीनं ते ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या माणसाची गाठ कुठे संपते, हे दिसत नाही. कारागिरापुढे एकच काम होतं, भरण्याचं; आमच्यापुढे दोन आहेत, आधी काढण्याचं आणि मग भरण्याचं. पहिलं नीट झालं नाही तर दुसरं कितीही सुंदर झालं तरी फुकट. आजच्या व्याख्यानात मला एवढंच सांगायचंय, बाकी तपशील.

तपशील मात्र महत्त्वाचे आहेत. कातडीच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा हा सर्वांत सावकाश चालणारा. तो लांब जाऊन फुप्फुसात, हाडात रुजण्याची वेळ क्वचितच येते, पण जिथे आहे तिथे तो वर्षानुवर्षं खात राहतो. कातडी, मग कूर्चा, मग हाड, मग डोळ्याची खोबण. आपल्या सावळ्या कातडीत तो बऱ्याचदा काळपट असतो, म्हणून माणूस तीळ समजतो, मस समजतो. दुसरा स्क्वेमस सेल कार्सिनोमा. हा मानेतल्या गाठींपर्यंत पोचू शकतो. ओठावरचा, कानावरचा आणि जुन्या भाजल्याच्या वणात उगवलेला विशेष वाईट. तिसरा मेलॅनोमा, तिघांत सर्वांत धोक्याचा. आपल्याकडे तो चेहऱ्यापेक्षा तळपायावर अधिक सापडतो, म्हणून आज त्याला बाजूला ठेवतो.

पहिले दोन वेळेवर काढले तर बहुतेक माणसं बरी होतात. ‘वेळेवर’ हा शब्द सोपा आहे हो! चामखीळ समजून चुना लावलेला, घोड्याचा केस बांधलेला, कुणा जाणत्यानं ‘जाळून’ दिलेला चट्टा घेऊन माणसं येतात. खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, पुन्हा धरते. दुखत नाही. दुखत नाही हीच पंचाईत आहे. दुखलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात आले असते. उन्हातान्हात काम करणारा शेतकरी, साठी उलटलेला, नाकाच्या बाजूला भरून न येणारी खपली, आणि घरचे म्हणतात, ‘म्हातारपणी होतंच असं काहीतरी.’ महिना-दीड महिना जखम भरत नसेल तर बायोप्सी करायची. सुईनं भूल देऊन तांदळाएवढा तुकडा काढतात, त्यानं कॅन्सर पसरत नाही. ही भीती अजून इतकी घट्ट आहे की दर व्याख्यानात सांगावं लागतं.

आता काढायचं म्हणजे किती? दिसते तेवढी गाठ काढून चालत नाही. लहान, स्पष्ट कडा असलेल्या बेसल सेलभोवती साधारण ४ मिलिमीटर निरोगी दिसणारी कातडी घ्यावी लागते, स्क्वेमस सेलभोवती ४ ते ६, धोक्याची असेल तर त्याहून जास्त. चार मिलिमीटर पाठीवर काहीच नाही. पापणीवर? नाकपुडीच्या कडेवर? तिथे चार मिलिमीटर म्हणजे जवळजवळ अख्खा अवयव. आणि नेमकं नाक, डोळे, कान, ओठ यांच्या आसपासच हे कॅन्सर उलटून येण्याचं प्रमाण जास्त असतं. सर्जनचा हात तिथेच थरथरतो. गाठ पाहून नाही, पुढे भरायचं कसं या चिंतेनं. मग काय होतं? ‘थोडं कमी घेतलं तरी चालेल’ असं मन म्हणतं. दोन वर्षांनी गाठ टाक्याच्या खालून डोकं काढते, आणि आता ती वणात लपून कुठवर गेलीय हे कुणालाच कळत नाही.

म्हणून मोठ्या केंद्रांत काढणारा आणि भरणारा, अशी दोन माणसं ठेवण्याची पद्धत आहे. काढणाऱ्यानं भरण्याचा विचारच करायचा नाही. एकच माणूस दोन्ही करत असेल तर त्यानं मनात तरी दोन माणसं वागवावीत. पुनर्रचनेचं शास्त्र चेहरा देखणा करायला आहे असं लोक समजतात. मी म्हणतो, ते काढणाऱ्याला निर्भय करायला आहे. मागे भरणारा उभा आहे म्हटल्यावर काढणारा पुरेसं काढतो.

‘पुरेसं’ झालं हे कळणार कसं? ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोह्स नावाचा वैद्यकीय विद्यार्थी प्रयोगशाळेत झिंक क्लोराइडशी खटपट करत होता. त्याच्या लक्षात आलं की या रसायनानं गाठ जागच्या जागी मरते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना जशीच्या तशी दिसते. त्यावरून त्यानं पद्धत बसवली. बशीसारखा पातळ थर काढायचा, त्याचा नकाशा काढायचा, कडेला रंग लावायचे, आणि त्या थराचा सगळा तळ आणि सगळी कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. नकाशात ज्या कोपऱ्यात कॅन्सर उरलाय, फक्त तिथूनच पुढचा थर. बाकी निरोगी कातडीला हात लावायचा नाही. १९४१ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. नंतर रसायन गेलं, ताजा तुकडा गोठवून तपासणं आलं, पद्धत त्याच्या नावानं राहिली. नेहमीच्या प्रयोगशाळेत नमुन्याच्या उभ्या चकत्या पाडून पाहतात. त्यात कडेचा अगदी थोडाच भाग नजरेखालून जातो. मोह्सनं सगळी कड पाहिली.

आपल्याकडे ही सोय थोड्याच ठिकाणी आहे. मग बाकीच्यांनी काय करायचं? फ्रोझन सेक्शन करता येतं, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच पॅथॉलॉजिस्ट कडा पाहून निरोप देतो. आणि तेही नसेल तर एक साधा, स्वस्त आणि लोकांना मुळीच न आवडणारा मार्ग आहे. वाट पाहणं. गाठ काढायची, जखमेवर ड्रेसिंग करायचं, आणि पक्का रिपोर्ट येईपर्यंत चार-आठ दिवस ती उघडीच ठेवायची.

नातेवाईक संतापतात. ‘चेहऱ्यावर भोक पाडून घरी पाठवलं!’ त्यांचं चुकत नाही, दिसायला भयंकर असतं. पण चेहऱ्याला रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की स्वच्छ ड्रेसिंगखाली ती जखम आठवडाभर सहज तग धरते. उलट घाईनं शेजारची कातडी सरकवून जखम झाकली आणि नंतर रिपोर्ट आला की डाव्या कडेला कॅन्सर शिल्लक आहे, तर? ती डावी कड आता आहे कुठे? कातडी फिरलीय, कडा बदलल्यात, नकाशा पुसला गेलाय. इथे मी जरा कडक बोलतो: रिपोर्टआधी मोठा फ्लॅप, म्हणजे रक्तवाटेसकट सोडवलेली कातडी, फिरवणाऱ्या सर्जनची सफाई मला कौतुकाची वाटत नाही.

रिपोर्ट आला, कडा स्वच्छ आहेत. आता भरायचं. नाकाचंच उदाहरण पुढे नेतो.

१९८५ मध्ये बर्गेट आणि मेनिक या दोन अमेरिकन सर्जननी एक साधी गोष्ट मांडली. नाक हा एक तुकडा नाही. उजेड पडला की त्यावर उंचवटे आणि खळगे दिसतात, त्यांवरून नाकाचे नऊ भाग पडतात. मधला कणा, शेंडा, दोन्ही बाजूच्या भिंती, दोन नाकपुड्या, त्यांच्या पुढच्या कडेचे दोन मऊ त्रिकोण आणि दोन भोकांमधला खांब. यातल्या एखाद्या भागाचा निम्म्याहून जास्त हिस्सा गेला असेल तर उरलेलाही काढा आणि तो अख्खा भाग नव्यानं बसवा, असं त्यांचं म्हणणं. रुग्ण विचारतो, ‘डॉक्टर, चांगली कातडी का हो काढली?’ गोधडी आठवा. तुकड्याचा रंग थोडा वेगळा असला तरी शिवण कडेला कड भिडवून आली तर डोळा ती नक्षी म्हणून स्वीकारतो. मधेच ठिगळ लावलं तर पहिली नजर तिथेच जाते. वण लपतो तो सावलीच्या रेषेत.

कपाळाच्या फ्लॅपचे ते तीन आठवडे मात्र कठीण. भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक दांडा लोंबतो, घरातली लहान मुलं बिचकतात, माणूस आरसा टाळतो. म्हणून अशा रुग्णाला आधीच फोटो दाखवायचे, घरच्यांनाही दाखवायचे, आणि त्या तीन आठवड्यांत घरात लग्नकार्य आहे का ते विचारायचं. हसू नका, हा तपासणीचाच प्रश्न आहे! कपाळाची जागा बहुतेक ओढून शिवता येते. वरचा थोडा भाग शिवला जात नाही, तो तसाच सोडला तर आपोआप भरतो आणि वण बराच फिका पडतो. कपाळ अरुंद असेल तर फ्लॅपचं टोक केसांत जातं, मग नाकाच्या शेंड्यावर केस उगवतात. लेसरनं ते जातात, एरवी अधूनमधून दाढीबरोबर नाकही उरकावं लागतं.

ओठ आणि पापणी यांचं थोडक्यात सांगतो. ओठाचा तिसरा हिस्सा गेला तरी दोन कडा थेट जोडता येतात. म्हाताऱ्या माणसाची पापणी सैल असते, तिचाही बराच भाग तसाच जोडता येतो. तिथे रूप दुय्यम. डोळा मिटला पाहिजे, तोंडातून पाणी गळता कामा नये.

कानाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण तिथे मुंबई येते. डॉ. नोशिर अंतिया हे जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे सर्जन. पहिल्या महायुद्धात विद्रूप झालेल्या सैनिकांचे चेहरे घडवणाऱ्या हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली ते शिकले. परत येऊन त्यांनी हात घातला तो कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्यांना, ज्यांना स्पर्श करायलाही कुणी तयार नव्हतं. १९६७ मध्ये अंतिया आणि बुच यांनी कानाच्या कडेसाठी एक रीत प्रसिद्ध केली. कानाच्या वरच्या कडेला कॅन्सर व्हायची शक्यता बरीच. तो काढला की उंदरानं कुरतडल्यासारखी खाच पडते. अंतियांनी काय केलं? कानाची गुंडाळलेली कड आतल्या खोबणीपासून सोडवली, मागची कातडी मात्र तिला चिकटलेलीच ठेवली, म्हणजे रक्त चालू. मग खाचेच्या दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींकडे सरकवल्या आणि जोडल्या. बाहेरून काही आणलं नाही. कान जरासा लहान होतो, घाट टिकतो. आणि माणसाचे दोन्ही कान एकाच वेळी समोरून नीट कोण पाहतं? जगभरच्या पुस्तकांत ही रीत अंतिया-बुच नावानं आहे. पुढे त्याच अंतियांनी मांडव्याच्या गावांत सामुदायिक आरोग्याचं काम केलं. त्यांचा तो दुसरा जन्म म्हणजे वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता डोकं. टकलाचं मी कबूल केलं होतं.

डोक्याची कातडी गालासारखी नसते. गालाची चिमूट धरा, हातात येते. डोक्याची धरून पाहा. येत नाही. तिच्याखाली एक चिवट पडदा आहे, तो ताणला जात नाही. म्हणून साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतची जखम ओढून शिवता येते, त्यापुढे अवघड. कोलंबियातल्या मिगेल ऑर्टिकोचिआ यांनी १९६७ मध्ये उरलेल्या कातडीचेच मोठे फ्लॅप करून, खालच्या पडद्याला चिरा देऊन ते फिरवण्याची युक्ती दिली. काही वेळा फुगा वापरतात. कातडीखाली सिलिकोनची पिशवी ठेवायची, आठवड्या-आठवड्याला तिच्यात सलाइन भरायचं, दोन-तीन महिन्यांत कातडी वाढते. केस मात्र तेवढेच असतात, जास्त जागेत विरळ पसरतात. हे सगळं कॅन्सर गेल्याची खात्री पटल्यावर, निवांत करायचं.

कवटीवर एक पातळ आवरण असतं. ते शाबूत असेल तर मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढून वर रोवता येतो. तिथे केस येत नाहीत, पण टोपी आहे, पगडी आहे. आवरणही गेलं असेल तर? कोरड्या हाडावर कातडी रुजत नाही. इथे एक विलक्षण दाखला आहे. अमेरिकेच्या सरहद्दीवर डोक्याची कातडी सोलून नेलेली माणसं कधीकधी जगायची आणि हाड उघडं पडायचं. नॅशव्हिल शहर वसवणाऱ्यांपैकी जेम्स रॉबर्टसन यानं १८०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की कवटीच्या वरच्या थरात टोच्यानं जवळजवळ भोकं पाडावीत; त्यांतून लाल मांस उगवतं, एकमेकांना मिळतं आणि हाड झाकतं. आज आम्ही तेच बारीक ड्रिलनं करतो आणि वर पापुद्रा रोवतो.

कवटीच पोखरली असेल किंवा पुढे रेडिएशन द्यायचं असेल तेव्हा पापुद्रा पुरत नाही. स्वतःचं रक्त घेऊन येणारं मांस लागतं. कानासमोर बोट ठेवा. ठेवा ना, लाजू नका. ठोका लागतो? ती धमनी. मांडीचा किंवा पाठीचा कातडी-मांसाचा तुकडा त्याच्या धमनी-शिरेसकट सोडवून डोक्यावर आणतात आणि त्या धमनीला जोडतात, केसाहून बारीक दोऱ्यानं, सूक्ष्मदर्शकाखाली. १९७२ मध्ये मॅक्लीन आणि बंकी यांनी डोक्याच्या मोठ्या जखमेवर पोटातली चरबीची झालर आणून अशी जोडल्याचं प्रसिद्ध केलं. या विद्येचा माणसावरचा तो अगदी आरंभीचा प्रयोग.

डोक्याचे असे रुग्ण आपल्याकडे बरेचदा जुन्या भाजल्याचे असतात. लहानपणी चुलीत किंवा उकळत्या तेलानं भाजलेलं, नीट कधी भरलंच नाही, वीस-तीस वर्षं अधूनमधून चिघळतंय, आणि एक दिवस त्याच जागी कडा उचललेला फोड. फ्रान्समधल्या मार्जोलिनच्या नावानं हा व्रण ओळखला जातो. वेळीच त्या जागी एक पापुद्रा रोवला असता तर हा कॅन्सर बहुधा झालाच नसता. हे काम जिल्हा रुग्णालयात होऊ शकतं.

शेवटी, न भरण्याबद्दल. डोळ्याचा आतला कोपरा, कानशील, कानाची आतली वाटी, नाकाच्या बाजूची खळगी. या खोलगट जागा तशाच सोडल्या तर आपोआप इतक्या छान भरतात की शिवलेल्या जखमेला लाजवतील. पंच्याऐंशीच्या आजोबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या कानशिलावर फ्लॅपची कसरत कशाला? आणि गाठ उलटून आलेली असेल, कडांची खात्री कमी असेल, तर मी जाड फ्लॅपऐवजी पातळ पापुद्राच पसंत करतो. त्याखाली काही हललं तर लगेच दिसतं. तो जरा खोलगट आणि चकचकीत दिसतो, हे कबूल. वर्षभर पाहू, स्वच्छ राहिलं तर कपाळावरून नवं नाक देऊ, असं आम्ही सांगतो.

वर्ष होतं. माणूस तपासणीला येतो. आम्ही फोटो काढून दाखवतो, आता काय काय करता येईल ते समजावतो. बरेच जण ऐकून घेतात, बायकोकडे बघतात आणि म्हणतात, ‘आता राहू द्या डॉक्टर, सवय झाली. कॅन्सर नाही ना? मग पुरे.’ तरुण सर्जनना हे लागतं, आपली कला नाकारली असं वाटतं. मी त्यांना सांगतो, कागदावर लिहून घ्या, आणि पुढच्या सहा महिन्यांची तारीख द्या. एकदा असा कॅन्सर झालेल्याला दुसऱ्या जागी पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तेव्हा मान, कान, डोकं सगळं पाहायचंय.

अध्यक्षांची परवानगी असेल तर आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या आल्यात बऱ्याच. पहिली तिळाबद्दलची आहे, अपेक्षेप्रमाणे.